प्रश्न वाचकांचे: कॉकपिटच्या स्क्रीनवर काय असावं, काय नसावं

मागच्या अंकात विमानाच्या कॉकपिटमधल्या डिस्प्लेंवर लेख होता. वैमानिकाच्या डोक्यावरचा भार नुसती माहिती वाढवून हलका होत नाही. कोणती माहिती कधी, कुठे आणि कशी दिसते यावर तो ठरतो, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांना डिस्प्ले आणि मानवी घटक या विषयात काम करणाऱ्या आमच्या मंडळींनी दिलेली ही उत्तरं.

प्रश्न: आम्ही शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी सिम्युलेटरचा पीएफडी, म्हणजे वैमानिकाच्या थेट समोरची मुख्य स्क्रीन तयार करतोय. सुरुवात कुठून करावी? स्पीड टेपची, म्हणजे वेग दाखवणाऱ्या उभ्या सरकत्या पट्टीची, मापं कशी ठरवायची? (अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी)

उत्तर: आधी स्क्रीन रेखाटायला घेऊ नका. उड्डाणाचा एक टप्पा घ्या, समजा उतरण्याआधीचा शेवटचा अप्रोच, आणि त्या काही मिनिटांत वैमानिकाला कोणते निर्णय घ्यावे लागतात ते लिहून काढा. वेग कमी पडतोय का? उतरण्याचा दर वाढलाय का? आपण धावपट्टीच्या रेषेत आहोत का? अप्रोच सोडून पुन्हा वर जायचं का? मग स्क्रीनवरच्या प्रत्येक आकड्याला आणि रेषेला विचारा, ‘तू यांतल्या कोणत्या निर्णयासाठी आहेस?’ ज्याला उत्तर देता येत नाही, ते चिन्ह मुख्य स्क्रीनवरून काढा. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सगळ्यांत जास्त चूक इथेच होते. सिम्युलेटरमधून जो डेटा सहज मिळतो तो सगळा स्क्रीनवर येतो.

आता टेप. वेगाचा नुसता आकडा दाखवलात, समजा १३८, आणि वैमानिकाला हवाय १३५, तर दर नजरेला त्याला वजाबाकी करावी लागते. शिवाय वेग चढतोय की उतरतोय हे कळायला आधीचा आकडा लक्षात ठेवावा लागतो. वजाबाकी आणि आठवण ही दोन्ही कामं त्याच्या डोक्यातून काढून स्क्रीनवर आणणं, हाच टेपचा उपयोग. हव्या असलेल्या वेगाची खूण, म्हणजे बग, टेपच्या कडेला लावा. मग अंतर डोळ्यांना दिसतं, मोजावं लागत नाही.

टेपवर एका वेळी साधारण ८० नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) पट्टा दिसू द्या, ४० वर आणि ४० खाली. टेप १२८ मिलिमीटर उंच असेल तर १० नॉटला १६ मिलिमीटर मिळतात. दर १० नॉटला रेघ आणि दर २० नॉटला आकडा पुरतो. दर ५ नॉटला आकडे छापले की वेग बदलताना ते नुसते धावताना दिसतात, वाचता एकही येत नाही. मोठे आकडे वर, लहान खाली ठेवा.

यानंतर ट्रेंडचा बाण. आत्ता वेग ज्या दराने बदलतोय तसाच बदलत राहिला तर १० सेकंदांनी तो कुठे असेल, हे हा बाण दाखवतो. वेग सेकंदाला १ नॉटने घटत असेल तर बाणाचं टोक १० नॉट खाली, म्हणजे तुमच्या टेपवर १६ मिलिमीटर खाली जाईल. यात हमखास एक गोष्ट बिघडते. वाऱ्याच्या झोतांमुळे वेगाचा बदल थरथरता असतो आणि बाण सारखा वर-खाली नाचतो. वैमानिक मग त्याच्याकडे बघणं सोडतो, किंवा त्याच्यामागे थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा जोर, हलवत बसतो. ही थरथर गाळणारा फिल्टर लावावाच लागतो, पण फार जड फिल्टर लावला तर बाण इतका उशिरा हलतो की त्याचा भविष्य सांगण्याचा उपयोगच जातो. एक-दोन सेकंदांच्या फिल्टरपासून सुरू करा आणि सिम्युलेटरमध्ये झोत घालून तपासा. दुसरी युक्ती अशी, की बदल २ नॉटच्या वर गेल्यावर बाण दाखवा आणि १ नॉटच्या खाली आल्यावरच लपवा. दोन्हींसाठी एकच मर्यादा ठेवली तर बाण लुकलुकतो, आणि लुकलुकणारी कोणतीही गोष्ट नजर खेचून घेते.

अक्षरांचं माप डोळ्यापासूनच्या अंतरावरून काढा. वैमानिकाचा डोळा स्क्रीनपासून साधारण ७५ सेंटिमीटरवर असतो. मुख्य आकड्यांची उंची डोळ्याशी निदान २० कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करेल एवढी हवी, म्हणजे ७५ गुणिले ०.००५८, सुमारे ४.४ मिलिमीटर. दुय्यम मजकुराला १५ कला धरल्या तर ३.३ मिलिमीटर. तुम्ही डिझाइन करता तो लॅपटॉप ५० सेंटिमीटरवर असतो. तिथे छान दिसणारं अक्षर कॉकपिटमध्ये कोनाच्या हिशेबाने दोन-तृतीयांशच उरतं. त्यामुळे मॉनिटर मागे सरकवून, खरोखर मोजपट्टी लावून तपासा. विमान हादरतं तेव्हा हे किमान मापही तोकडं पडतं, म्हणून वेग, उंची आणि दिशा यांचे आकडे त्याहून मोठेच ठेवा.

शेवटचं म्हणजे उशीर. स्टिक, म्हणजे विमान वळवायची दांडी, हलवल्यापासून स्क्रीनवरचं क्षितिज हलेपर्यंतचा उशीर १०० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याच्या आत ठेवा. तो वाढला की वैमानिक जास्त दुरुस्ती करतो, मग उलट दुरुस्ती करतो, आणि विमान झोके घेऊ लागतं. सुट्या आकड्यांचं मात्र उलट आहे. तापमान किंवा इंधनाचा आकडा सेकंदाला तीस वेळा बदलला तर वाचताच येत नाही. दोन-तीन वेळा पुरे. उंचीच्या शेवटच्या दोन अंकांना फिरत्या ड्रमसारखं सरकू द्या आणि पायरी २० फुटांची ठेवा. उंची किती यासोबत ती किती झपाट्याने बदलतेय हेही त्या सरकण्यातून कळतं.

प्रश्न: वेग डावीकडेच आणि उंची उजवीकडेच का? उलट केलं तर काय बिघडेल?

उत्तर: नव्याने शिकणाऱ्याचं काहीच बिघडणार नाही. पण जगभरातल्या वैमानिकांची नजर मधल्या क्षितिजापासून डावीकडे वेगाकडे, उजवीकडे उंचीकडे आणि खाली दिशेकडे जायला सरावलेली आहे. प्रवासी विमानांच्या नियमांतही हीच टी आकाराची मांडणी सक्तीची आहे. संकटात माणूस सवयीवर जातो, म्हणून या मांडणीला हात लावू नये.

प्रश्न: जुन्या विमानांत डझनावारी गोल डायल असत. आता सगळं स्क्रीनवर आलं, तरी वाचनातल्या चुका थांबलेल्या नाहीत, असं वाचतो. असं का? (निवृत्त वाचक)

उत्तर: दोन्ही काळांतल्या चुका खऱ्या आहेत, फक्त त्यांची जात वेगळी आहे.

१९४७ साली अमेरिकेत पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी उपकरणं वाचताना वैमानिकांकडून झालेल्या २७० चुकांचे अनुभव गोळा केले. त्यांत ठळकपणे पुढे आलेलं उपकरण म्हणजे तीन काट्यांचं उंचीमापक. एक काटा शेकड्यांचा, एक हजारांचा, एक दहा हजारांचा. घाईत हजाराचा काटा चुकला की वाचन पुरते १,००० फूट चुकतं. ‘वैमानिकाची चूक’ असा शिक्का बसलेल्या अशा घटनांच्या मुळाशी उपकरणाची रचना होती, हे या कामातून स्पष्ट झालं. त्याच्या थोडं आधी, दुसऱ्या महायुद्धात, आल्फॉन्स चॅपॅनिस यांनी बी-१७ बॉम्बर विमानात पाहिलं की चाकांचा आणि फ्लॅपचा (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांचा) असे दोन सारखेच कंट्रोल शेजारीशेजारी असल्यामुळे उतरल्यानंतर फ्लॅपऐवजी चाकंच आत घेतली जात. उपाय साधा निघाला. एका कंट्रोलच्या टोकाला चाकाचा आकार, दुसऱ्याला फ्लॅपचा. आजही प्रवासी विमानात चाकांच्या लिव्हरचं टोक हाताला चाकासारखंच लागतं.

स्क्रीन आल्यावर काट्यांचा गोंधळ गेला, पण त्याबरोबर एक चांगली गोष्टही गेली. गोल डायलवर काटा कुठल्या कोनात आहे हे न वाचताही कळतं. चार इंजिनांचे चार काटे एकाच कोनात असले की सगळं ठीक; एक वाकडा दिसला की नजर तिथे जाते. आकड्यात हे होत नाही. म्हणून इंजिनाची माहिती काटा आणि आकडा अशी दोन्ही मिळून दाखवतात. काटा लक्ष ठेवण्यासाठी, आकडा नेमकं सेट करण्यासाठी. फक्त जागा वाचवायला काटे काढून टाकणाऱ्या डिझाइनला आमचा ठाम विरोध आहे.

८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ बोइंग ७३७-४०० कोसळलं आणि ४७ जण गेले. डावं इंजिन बिघडलं होतं, वैमानिकांनी उजवं बंद केलं. त्यांच्या निर्णयामागे इतरही कारणं होती, पण डिस्प्लेचा भाग इथे सांगण्यासारखा आहे. आधीच्या मॉडेलमधले लांब यांत्रिक काटे जाऊन त्यांच्या जागी डायलच्या कडेला छोटे प्रकाशमान ठिपके आले होते. कंपन दाखवणारं मापक लहान होतं आणि कंपन कमाल मर्यादेला गेलं तरी वेगळा इशारा देत नव्हतं. माहिती स्क्रीनवर होती. ती ज्याला हवी होती त्याचं लक्ष वेधून घेण्याची ताकद तिच्यात नव्हती.

प्रश्न: कॉकपिटमध्ये एकाच वेळी अनेक इशारे वाजू लागले तर वैमानिकाने काय करायचं? डिस्प्ले त्याला मदत करतो की गोंधळ वाढवतो? (सिम्युलेटर तंत्रज्ञ)

उत्तर: दोन्ही घडलेलं आहे, आणि या प्रश्नात बारकावे फार आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इशाऱ्यांचे तीन स्तर असतात. पहिल्यात लगेच कळायला हवं आणि लगेच कृतीही हवी. त्याला लाल रंग. दुसऱ्यात लगेच कळायला हवं, पण कृती थोड्या वेळाने चालते, त्याला अंबर, म्हणजे पिवळट नारिंगी. तिसरा नुसता माहितीचा. वरच्या दोन स्तरांत निदान दोन ज्ञानेंद्रियांवाटे लक्ष वेधावं लागतं, उदाहरणार्थ दिवा आणि आवाज, किंवा स्टिकची थरथर. याचं कारण असं, की डोळे कामात गढलेले असतात तेव्हा माणसाला आवाजसुद्धा ऐकू येईनासा होतो. कान ठीक असतात, लक्ष तिकडे नसतं.

खरं डिझाइन सुरू होतं ते इशारा कधी द्यायचा नाही हे ठरवण्यापासून. एअरबस ए३२० मध्ये टेकऑफच्या धावेत ८० नॉटपासून १,५०० फूट उंचीपर्यंत बहुतेक इशारे दाबून ठेवलेले असतात. उतरताना ८०० फुटांपासून वेग ८० नॉटवर येईपर्यंतही तसंच. आग किंवा इंजिन निकामी होणं असे मोजके इशारे तेवढे पुढे येतात. भर वेगात टेकऑफ सोडणं हेच धोक्याचं असतं. एखाद्या पंपाची तक्रार दाखवून वैमानिकाला ब्रेक दाबायला लावणं हा त्या पंपाच्या बिघाडापेक्षा मोठा अपघात ठरू शकतो.

दुसरा भाग क्रम लावण्याचा. एक हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारी, यंत्रणा गेली की तिच्यावर चालणाऱ्या पाच-सहा गोष्टी जातात आणि प्रत्येक जण तक्रार करू लागतो. ए३२० च्या ईकॅम या बिघाड दाखवणाऱ्या स्क्रीनवर मूळ बिघाडाभोवती चौकट येते आणि त्यामुळे झालेल्या दुय्यम बिघाडांपुढे तारका. वैमानिकाला आधी मूळ कळतं, मग परिणाम. त्याखाली करायच्या कृती ओळीने येतात आणि केलेली ओळ निघून जाते. ‘मी कुठवर आलो होतो’ हे त्याला लक्षात ठेवावं लागत नाही.

पण हा क्रम लावणारा तर्क एकेका बिघाडाचा विचार करून लिहिलेला असतो. ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या ए३८० विमानाचं एक इंजिन हवेत फुटलं. त्याच्या तुकड्यांनी पंखातल्या वायरी आणि नळ्या तोडल्या आणि ईकॅमवर डझनावारी संदेश आले. त्यांवरच्या कृती पार पाडायला सुमारे ५० मिनिटं गेली. योगायोगाने त्या दिवशी कॉकपिटमध्ये पाच वैमानिक होते. विमानातले सर्व ४६९ जण सुखरूप उतरले. डिझाइन करणाऱ्याने यातून घ्यायची गोष्ट ही, की काय काय बिघडलंय या यादीइतकीच ‘आता काय काय चालू आहे’ याची यादीही एका नजरेत मिळायला हवी. उतरण्याचा निर्णय शिल्लक राहिलेल्यावर होतो.

इशारा बंद होण्याचाही अर्थ लागत असतो. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सची ४४७ ही फ्लाइट अटलांटिकमध्ये कोसळली आणि २२८ जण गेले. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाच्या कणांनी चोंदल्या, ऑटोपायलट सुटलं आणि विमान स्टॉलमध्ये गेलं, म्हणजे पंखांची उचल तुटली. मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली गेला की हल्ल्याचा कोन (पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन) विश्वासार्ह नाही असं धरून स्टॉलचा इशारा बंद होत असे. त्यामुळे स्टॉल फार खोल गेला की आवाज थांबायचा, आणि नाक खाली घेऊन परिस्थिती सुधारू लागली की पुन्हा सुरू व्हायचा. योग्य कृतीला इशाऱ्याची शिक्षा आणि चुकीच्या कृतीला शांततेचं बक्षीस. सेन्सरचा डेटा अवैध ठरला तर इशारा गप्प करू नका. ‘माहिती उपलब्ध नाही’ हे वेगळं चिन्ह दाखवा.

खोट्या इशाऱ्यांचा हिशेबही करून पाहा. समजा एखादा धोका दहा हजारांत एकदा येतो, तुमची यंत्रणा तो हमखास पकडते, आणि धोका नसताना शंभरांत एकदा चुकून वाजते. दहा हजार वेळांमध्ये एक खरा इशारा आणि सुमारे शंभर खोटे. ९९ टक्के बरोबर असलेली यंत्रणा वाजली की ती बहुधा खोटीच असते. वैमानिक हे चटकन शिकतो आणि दुर्लक्ष करू लागतो. जमिनीच्या धोक्याचा इशारा देणाऱ्या सुरुवातीच्या यंत्रणांना हा त्रास फार झाला.

आणि शक्य असेल तिथे धोका दाखवण्यापेक्षा कृती दाखवा. टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा निर्णायक क्षणी समोरच्या विमानाची गणितं मांडत नाही. चढण्या-उतरण्याच्या दराच्या पट्टीवर लाल भाग दाखवते, इथे राहू नका. हिरवा भाग दाखवते, इथे या. वैमानिक काटा हिरव्यात आणतो.

प्रश्न: ‘मोड कन्फ्यूजन’ म्हणजे नेमकं काय? अनुभवी वैमानिक कोणता मोड चालू आहे हे कसं विसरतो?

उत्तर: मोड म्हणजे ऑटोपायलटसारखी यंत्रणा त्या क्षणी ज्या पद्धतीने काम करतेय ती; यंत्रणा एका मोडमध्ये आणि वैमानिकाच्या मनात दुसराच, हे मोड कन्फ्यूजन. तो विसरतो असं नाही, बहुतेक वेळा त्याला ते दिसलेलंच नसतं.

२० जानेवारी १९९२ रोजी स्ट्रासबूरजवळ एअर इंटरचं ए३२० डोंगरावर आदळलं; ९६ पैकी ८७ जण गेले. तपासात पुढे आलेली शक्यता अशी. पॅनेलवरच्या आकड्यांच्या एकाच खिडकीत एकाच बटणाने दोन गोष्टी सेट होत. एका मोडमध्ये उतरण्याचा कोन, दुसऱ्यात उतरण्याचा दर. ३.३ अंशांचा कोन ‘-३.३’ असा दिसे आणि मिनिटाला ३,३०० फुटांचा दर ‘-३३’ असा. फरक एका टिंबाचा आणि मोडच्या छोट्या अक्षरांचा. ३.३ अंशांनी विमान मिनिटाला साधारण ८०० फूट उतरलं असतं. ते चौपट वेगाने उतरलं. नंतर दराचे चारही अंक दाखवायचा बदल झाला, -३३०० असा. इतका लहान बदल, पण दोन मोडचे आकडे आता एकमेकांसारखे दिसूच शकत नाहीत.

६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला एशियानाचं ७७७ विमान धावपट्टीआधीच्या बांधावर आपटलं. तिघांचा मृत्यू झाला. इंजिनाचा जोर आपोआप बदलणारं ऑटोथ्रॉटल ‘होल्ड’मध्ये गेलं होतं. त्या स्थितीत ते वेग सांभाळत नाही. हवा असलेला वेग १३७ नॉट होता, तो १०३ च्या आसपास उतरला. ‘होल्ड’ हा शब्द स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर, म्हणजे चालू मोड दाखवणाऱ्या एफएमएवर, होता.

एफएमएवर मोड बदलला की नव्या मोडभोवती १० सेकंद चौकट येते. पण त्या १० सेकंदांत वैमानिक रेडिओवर बोलत असेल तर चौकट येऊन जाते, आणि पुढे उरतो तो एक शांत हिरवा शब्द, आधीच्या शब्दाएवढाच मोठा. नजर टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत हे बदल सुटतात असं दिसलेलं आहे. म्हणून अनेक कंपन्यांत प्रत्येक बदल मोठ्याने वाचण्याची पद्धत आहे. आम्हाला ती आवश्यक वाटते, पण पुरेशी वाटत नाही. मोडचं नाव दाखवण्याबरोबर त्याचा परिणाम दाखवा. या मोडमध्ये विमान कुठल्या रेषेने उतरेल आणि ती रेष जमिनीला कुठे भेटेल, हे बाजूने दिसणाऱ्या उभ्या नकाशावर काढलं तर स्ट्रासबूरसारखी चूक चित्रातच उघडी पडते. आणि जी यंत्रणा वेग सांभाळत नाहीये, तिने वेगाच्या टेपवरच तसं सांगावं, तीन इंच वरच्या पट्टीवर नव्हे.

प्रश्न: किती रंग वापरावेत?

उत्तर: अर्थ असलेले सहा-सात, त्याहून जास्त नकोत. लाल आणि अंबर हे इशाऱ्यांसाठी राखून ठेवा. सजावटीला किंवा कंपनीच्या चिन्हाला वापरलेला लाल खऱ्या लालची किंमत घटवतो. बारीक अक्षरांना गडद निळा देऊ नका, डोळा ती नीट केंद्रित करू शकत नाही. त्याऐवजी सायन, म्हणजे हिरवट फिका निळा, घ्या. कोणताही अर्थ केवळ रंगावर सोडू नका, आकार किंवा जागाही बदला. तपासणी सोपी आहे. स्क्रीनचं चित्र करड्या रंगात बदलून बघा. अर्थ हरवला तर डिझाइन अपुरं आहे. मग तीच स्क्रीन भर उन्हात आणि पूर्ण अंधारात बघा. रात्री उजेड कमी केल्यावर अंबर आणि लाल एकमेकांजवळ येतात.

रंगांचे सगळे अर्थ सर्वत्र सारखे नाहीत, हेही ध्यानात असू द्या. एअरबसच्या नकाशावर चालू मार्ग हिरवा असतो, बोइंगच्या मॅजेन्टा, म्हणजे जांभळट गुलाबी. एका विमानातून दुसऱ्यात जाणाऱ्या वैमानिकाला हे नव्याने बिंबवावं लागतं.

प्रश्न: आमचा नवा डिस्प्ले जुन्यापेक्षा भार कमी करतो, हे सिद्ध कसं करायचं? वैमानिकांना ‘आवडला का’ विचारलं तर सगळे हो म्हणतात. (पदव्युत्तर संशोधक)

उत्तर: आवडण्याचा आणि भाराचा संबंध फार सैल आहे, हे तुमच्या लक्षात आलंच आहे. तीन प्रकारची मापं एकत्र घ्या.

पहिलं, वैमानिकाचं स्वतःचं मूल्यमापन. नासा-टीएलएक्स ही १९८८ साली सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी मांडलेली पद्धत सर्वांत रुळलेली. सहा पट्ट्या असतात. बौद्धिक मागणी, शारीरिक मागणी, वेळेची घाई, कामगिरी, कष्ट आणि वैताग. प्रत्येकीवर ० ते १०० गुण. मग सहांच्या १५ जोड्या दाखवून प्रत्येक जोडीत भाराला जास्त कारण कोण, ते निवडायला सांगतात. जी पट्टी जितक्या वेळा निवडली गेली तितकं तिचं वजन; वजनांची बेरीज १५. समजा बौद्धिक ८० गुण, वजन ५. घाई ७०, वजन ४. कष्ट ६०, वजन ३. कामगिरी ४०, वजन २. वैताग ५०, वजन १. शारीरिक २०, वजन ०. गुणाकारांची बेरीज ९९०, भागिले १५, म्हणजे ६६. साधी सरासरी काढली असती तर ५३ आली असती. दोन्हींपैकी काय वापरलं ते अहवालात लिहा. कामगिरीची पट्टी उलटी असते, ‘उत्तम’ शून्याच्या बाजूला. हे सुरुवातीला समजावलं नाही तर काही लोक उलट गुण देतात आणि तुमचे निकाल वाया जातात.

प्रश्नावली उड्डाण संपल्यावर एकदाच देऊ नका. तेव्हा शेवटची दोन मिनिटं तेवढी आठवतात. प्रत्येक टप्प्यानंतर सिम्युलेटर थांबवा आणि लगेच भरून घ्या. थांबवणं शक्य नसेल तर बेडफर्डची दहा पायऱ्यांची श्रेणी वापरा. ती ‘काम जमलं का, भार सोसवला का, आणखी कामाला किती वाव उरला’ अशा क्रमाने एकाच आकड्यावर येते.

दुसरं, दुय्यम काम. उडवताना मधूनमधून एक हलका आवाज येतो आणि वैमानिकाने स्टिकवरचं बटण दाबायचं. प्रतिसाद लांबला की उरलेली क्षमता कमी आहे. पण रेडिओ संभाषणाने भरलेल्या प्रसंगात आवाजाचं दुय्यम काम दिलंत तर ते मुख्य कामातच लुडबूड करेल. तिथे दिवा वापरा.

तिसरं, नजर आणि कामगिरी. वेगातली चूक, उंचीतली चूक, आणि नजर कुठे किती वेळ राहिली. नव्या डिस्प्लेवर कामगिरी तीच राहून दुय्यम कामाचा प्रतिसाद सुधारला, तर भार कमी झाला म्हणायला आधार आहे. कामगिरी सुधारली पण नजर एकाच चिन्हाला चिकटून बसली, तर थांबा.

अर्ध्या वैमानिकांना आधी जुना डिस्प्ले द्या, अर्ध्यांना आधी नवा. नाहीतर सरावाचा फायदा दुसऱ्याला मिळतो. नव्यावर पुरेसा सराव होऊ द्या. आणि प्रसंगात बिघाड घालाच. स्वच्छ हवेत, सगळं चालू असताना जवळजवळ प्रत्येक डिस्प्ले चांगला ठरतो.

प्रश्न: हेड-अप डिस्प्लेने मान खाली घालावी लागत नाही, मग तो सगळीकडे का नाही?

उत्तर: हा डिस्प्ले वैमानिकाच्या डोळ्यांसमोरच्या पारदर्शक काचेवर चिन्हं दाखवतो. फायदा खराच आहे. चिन्हं दूर अनंतावर असल्यासारखी दिसतात, त्यामुळे आतून बाहेर बघताना डोळ्याला पुन्हा केंद्र जुळवावं लागत नाही, आणि विमान नेमकं कुठे चाललंय ते सांगणारं चिन्ह थेट धावपट्टीवर ठेवता येतं. पण डोळ्यांसमोर असणं म्हणजे लक्षात येणं नव्हे. नासाच्या १९८० च्या सिम्युलेटर प्रयोगात हेड-अप डिस्प्लेवरून उतरणाऱ्या काही वैमानिकांना धावपट्टीवर आडवं आलेलं विमान दिसलंच नाही. लक्ष चिन्हांवर खिळलं होतं. म्हणून जी चिन्हं बाहेरच्या दृश्याला चिकटून हलतात, क्षितिज, धावपट्टीची कड, ती ठेवावीत. एका जागी अडून राहणारे आकडे किमान करावेत, आणि शेवटच्या टप्प्यात ते घालवायला अंगठ्याखाली बटण द्यावं. काचेची, प्रोजेक्टरची आणि प्रशिक्षणाची किंमत हे दुसरं कारण आहेच.

प्रश्न: टचस्क्रीन कॉकपिटमध्ये योग्य की अयोग्य?

उत्तर: नकाशा सरकवायला आणि मार्ग भरायला चांगली. उंची किंवा दिशा बदलण्यासाठी फिरवायची नॉब काढून तिथे टच आणू नये, असं आमचं मत आहे. नॉब न बघता सापडते आणि तिचे खटके मोजता येतात. टच वापरायचीच असेल तर हात टेकवायला स्क्रीनच्या कडेला उंचवटा द्या, बटण २० मिलिमीटरच्या आसपास ठेवा, आणि कृती बोट टेकल्यावर नव्हे, उचलल्यावर होऊ द्या. हादऱ्यात बोट चुकीच्या बटणावर पडलं तर ते सरकवून बाहेर नेता येतं. इंजिन बंद करण्यासारखी कृती स्क्रीनवर ठेवू नका; तिला झाकण असलेला खरा स्विचच हवा.